रविवारी अकराचा फोन

७ मार्च

ताई,

तुझी चिठ्ठी मिळाली. एकोणीस वर्षांनी पाच ओळी, त्यातली एक ओळ पत्त्याची. ‘फोन करू नकोस, मला तुझा आवाज ऐकायचा नाही, जे सांगायचं ते लिहून सांग.’ ठीक आहे. मी रोज सहा तास काचेच्या खोलीत बसून पुस्तकं वाचतो, लोक ती स्वयंपाक करताना, गाडी चालवताना ऐकतात. माझा आवाज नको असलेलं कुणी भेटलं की मलाही जरा बरं वाटतं.

तू लिहिलंस की गेल्या मंगळवारी तू आईला फोन केलास. ‘आई, मी बोलतेय’ म्हणालीस. त्यावर आई म्हणाली, “माझी मुलगी दर रविवारी अकराला फोन करते. तिचा आवाज मला झोपेतही कळतो. तुम्ही कोण?” मग तिला सांभाळणाऱ्या मावशींनी फोन काढून घेतला आणि ठेवून दिला. आता तुझं विचारणं असं की दर रविवारी हा फोन करतं कोण.

आई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. साखरेने तिचे डोळे गेले त्याला चार वर्षं झाली. तुला कळवलं नाही असं म्हणू नकोस, दोन पत्रं तुझ्या जुन्या पत्त्यावर टाकली होती, दोन्ही परत आली. या वयात माणूस काहीही बोलतं. परवा मावशींना सांगत होती की बाबा भाजी आणायला गेलेत, दार लावू नका. आता बाबा भाजी आणायला जाऊ शकतात तर तू रविवारी फोन का करू शकणार नाहीस?

आणि एक विचारू? एकोणीस वर्षांत तुला एकदाही विचारावंसं वाटलं नाही की आईला कोण उठवतं, कोण निजवतं, तिच्या पायाची जखम कोण धुतं. आणि विचारलंस काय, तर फोन कोण करतं. मावशी म्हणाल्या, फोनवर कुणी तरी घोगऱ्या आवाजाची बाई होती, बाईच होती की काय कोण जाणे. तुझ्या आवाजाला काय झालं?

आई बरी आहे. विचारलं नाहीस, तरी सांगतो.

तुझा भाऊ


१५ मार्च

ताई,

तुझं पत्र दोनदा वाचलं. मोठ्याने नाही, मनातल्या मनात. माझ्यासारख्याला ते जड जातं.

गळ्याचं ऑपरेशन झालं हे मला माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता. गाठ साधी निघाली हे वाचून मी खुर्चीत नीट टेकून बसलो, एवढं खरं आहे, विश्वास ठेव किंवा ठेवू नकोस. आवाज पूर्वीसारखा होणार नाही असं डॉक्टर म्हणाले, आणि तेव्हा तुला वाटलं की निदान उरलाय तोवर या आवाजात आईशी बोलून घ्यावं. बोललीस, तर आईने तुला परकी ठरवलं.

मग तू माझं पुस्तक ऐकलंस. ते चार बहिणींचं. लोक अजून कळवतात की एक पुरुष चौघींचे आवाज काढतोय हे शेवटी नाव ऐकेपर्यंत पटलं नाही. त्याच पुस्तकाला बक्षीस मिळालं. स्टेजवर एक बाई म्हणाल्या, ‘बायकांचं मन कळलेला माणूस.’ तेव्हा माझा घटस्फोट होऊन दोन महिने झाले होते. मी नम्रपणे मान डोलावली.

तू लिहितेस, तिसरी बहीण बोलायला लागली आणि तू गाडी रस्त्याच्या कडेला लावलीस. पुढे एकच वाक्य आहे तुझं : ‘तू करतोस ना ते फोन?’

हो. मी करतो.

आता नाकाने कांदे न सोलता सांगतो, तूही न सोलता वाच. स्त्रीपात्र वाचताना पुष्कळ पुरुष आवाज बारीक करतात. ती नक्कल वाटते, ऐकणारा हसतो आणि पात्र गेलं कामातून. आवाज बारीक करायचाच नसतो. छातीतलं वजन काढून घ्यायचं, शब्द ओठांच्या जवळ आणायचे, वाक्याचं शेवटचं टोक दाबायचं नाही. आणि ही बाई बोलता बोलता समोरच्याचं काय ऐकतेय ते आधी ठरवायचं. हे मला कुणी शिकवलं नाही, मी तुझ्याकडून घेतलं. आपल्या घरात तूच अशी बोलायचीस, बोलताना अर्धं लक्ष आईच्या भुवईकडे. आणि ‘नाही’ म्हणायच्या आधी तू नाकाने एक छोटासा श्वास घ्यायचीस. बाबा त्याला हसायचे. ‘साहेबांचा नकार आला बरं का, अजून शब्द यायचाय,’ म्हणायचे.

पहिला फोन मी ठरवून केला नाही. तीन वर्षांपूर्वीचा रविवार होता. पुस्तक संपवायची घाई होती म्हणून सुट्टीच्या दिवशी स्टुडिओत गेलो होतो. सकाळी नऊपासून तिसऱ्या बहिणीचं प्रकरण चालू होतं. आमचा रेकॉर्डिस्ट, त्याला सगळे कानसेनच म्हणतात, चहाला बाहेर गेला. आईला गोळी दिली का हे मावशींना विचारायला मी घरी फोन लावला. त्या रविवारी मावशी बाहेर धुणं वाळत घालत होत्या, आईनेच चाचपडत उचलला. मी ‘हॅलो’ म्हटलं. पण दोन तास ज्या आवाजात होतो, त्यातून बाहेर आलो नव्हतो. घड्याळात अकरा वाजले होते.

आई म्हणाली, “आलीस का गं?”

हॉस्टेलमधून तू रविवारी अकराला फोन करायचीस. तू गेल्यावरही आई दर रविवारी पावणेअकराला केस विंचरून फोनजवळ बसायची. पेपर वाचतेय असं दाखवायची. डोळे गेल्यावर ते सोंगही गेलं, नुसती बसायची. सोळा वर्षं मी हे बघितलं होतं. मला सांग, तिने ‘आलीस का गं’ विचारल्यावर मी काय म्हणायला हवं होतं? घसा खाकरून, ‘नाही गं, मी आहे, गोळी घेतलीस का?’ म्हणता आलं असतं. मी म्हणालो, “हो आई.” आई रडायला लागली आणि माझ्या हातून ती वेळ गेली.

त्यानंतर दर रविवारी. स्टुडिओची किल्ली माझ्याकडे असते.

तुला संताप आलाच असेल. येऊ दे.

तुझा भाऊ


२४ मार्च

ताई,

‘चोर’ हा शब्द तू तीन वेळा लिहिलास. पहिल्या वेळी लागला.

मी तुझ्यासारखं बोलून आईकडून काय काय घेतलं, त्याचा हिशेब मागतेस. घे तर. सगळ्यात आधी मी तिच्या तोंडून माझ्या चहाड्या घेतल्या. पहिल्याच महिन्यात ती तुला म्हणाली, “तो माझ्याशी बोलतच नाही गं. दिवसभर लोकांसाठी बोलून येतो आणि घरी आला की तोंडाला कुलूप. माझ्या खोलीत येतो, औषधाचा डबा बघतो, जातो. बरी आहेस का एवढंही विचारत नाही.” मी काचेच्या खोलीत फोन धरून तुझ्या आवाजात म्हणालो, “त्याला समज देते हं मी.”

आणि त्या संध्याकाळी मी तिच्याजवळ जाऊन बसलो. पंधरा मिनिटं मी तिला हवामान सांगितलं. पुढच्या रविवारी ती तुला म्हणाली, “तू बोललीस वाटतं त्याला. येऊन बसतो हल्ली. पण पाहुण्यासारखा बसतो.”

हसू नकोस. हसली असशील तर हस.

मी तिचा मुलगा म्हणून समोर बसलो तर तिला माझ्याशी बोलायला काही नसायचं, आणि तू म्हणून फोन केला की अर्धा अर्धा तास ती थांबायची नाही. मावशी कसे कपडे नीट पिळत नाहीत, माझी बायको चांगली होती, मीच कुजकट, गुडघा कसा सकाळी वेगळा दुखतो आणि संध्याकाळी वेगळा. लहानपणी तुला कांजिण्या झाल्या तेव्हा तिने तुझे हात मोज्यांत बांधून ठेवले होते, त्याचं तिला अजून वाईट वाटतं. हे सगळं तुझं आहे, कबूल. पण ते ऐकायला मी होतो, तू नव्हतीस. मला तुझा हेवा वाटायचा, ताई. मी तुझा आवाज काढत होतो आणि तुझाच हेवा करत होतो. सांगायला लाज वाटते.

चूक कुठे झाली तेही सांगतो. आमच्या कामात एक नियम आहे. पहिल्या प्रकरणात पात्राला जो आवाज दिला, तो शेवटच्या प्रकरणापर्यंत तसाच राहिला पाहिजे. मधे महिना गेला, सर्दी झाली, तरी. म्हणून प्रत्येक पात्राचा वीस सेकंदांचा नमुना जपून ठेवायचा आणि कामाला बसण्याआधी तो ऐकायचा. तुझाही नमुना होता. मी तो रविवारी पावणेअकराला ऐकायचो, मग फोन. तीन वर्षांत एकदाही सूर हलला नाही. कानसेनने ऐकलं असतं तर पाठ थोपटली असती.

पण तू पात्र नाहीस. तू बेचाळीस वर्षांची झालीस हे मला डोक्याने कळत होतं, घशाने मी तुला तेवीसचीच ठेवली. आईच्या कानात त्या तेवीस वर्षांच्या मुलीला मी दर आठवड्याला नवी करत गेलो. नाही तर आई तो आवाज विसरली असती, आणि मग तुझा कुठलाही आवाज तिला चालला असता. मंगळवारी तुझा खरा आवाज आला तेव्हा त्याला बसायला जागाच नव्हती.

शनिवारी, एक तारखेला, येते म्हणतेस. ये. आईची तब्येत चांगली नाही हे आता सांगतो. मागच्या पत्रात लिहिलं नाही, तू दयेने येऊ नयेस म्हणून. छातीत पाणी होतंय. डॉक्टर महिन्यांत बोलत नाहीत आता, आठवड्यांत बोलतात.

दारावरची घंटा बिघडली आहे. कडी वाजव.

तुझा भाऊ


३ एप्रिल

ताई,

न जेवता गेलीस. मावशी दिवसभर तेच बोलत होत्या. ‘पाहुण्या इतक्या लांबून आल्या आणि पाणी पिऊन गेल्या.’

जे झालं ते तू बघितलंस. तरी लिहितो, कारण तू म्हणशील की मी नीट बघितलं नाही.

तू आईच्या पुढ्यात स्टुलावर बसलीस. ‘आई’ म्हणालीस. तुझा आवाज मी एकोणीस वर्षांनी ऐकला, ताई. आधी मलाही ओळखू आला नाही. आईने दोन्ही हात जोडले आणि म्हणाली, “बसा. मावशी, यांना चहा टाका.” तू तुझा हात तिच्या हातात दिलास. तिने तो उलटासुलटा चाचपला आणि म्हणाली, “कामाचे हात आहेत तुमचे.” तू मोज्यांची गोष्ट सांगितलीस, कांजिण्यांची. जिन्यावरून पडून तुझा दात तुटला आणि बाबांनी तो खिशात घालून डॉक्टरकडे नेला, ती सांगितलीस. आईचा चेहरा उजळला. मला वाटलं, झालं. आई म्हणाली, “हे तिने सांगितलं तुम्हाला? तुम्ही तिच्या ऑफिसात असता का? फारच जवळच्या दिसता. मग तिला सांगा ना, एकदा येऊन जा म्हणावं.”

तेव्हा तू माझ्याकडे बघितलंस. नुसते ओठ हलवून ‘बोल’ म्हणालीस. तू तिचा हात धरून बसणार, मी तुझ्या मागे उभा राहून तुझ्या आवाजात बोलणार, म्हणजे हात तुझा आणि आवाजही तुझा. तुला किती कमीपणा गिळून ते मागावं लागलं असेल, तेवढं मला कळतं.

मी मान हलवली आणि घशाला हात लावला. घसा बसलाय अशी खूण केली. मग पाणी आणायला आत गेलो आणि परत आलो तेव्हा तू चपला घालत होतीस.

घसा खरंच धरला होता. दोन दिवस लागोपाठ काम होतं आणि स्टुडिओतला गारवा बाधला. काल रविवारी मी फोनही केला नाही. आई दीड वाजेपर्यंत जेवली नाही.

तुझा भाऊ


११ एप्रिल

ताई,

‘घसा बसल्याचं मला सांगू नकोस, जाताना जिन्यात मी तुला मावशींशी बोलताना ऐकलं, ठणठणीत होता.’ बरं.

बाकीचं पत्र बाबांबद्दल आहे. इतक्या वर्षांत तू माझ्याशी बाबांबद्दल पहिल्यांदा बोललीस. तू लिहितेस की आईवरचा राग आता तेवढा धगधगत नाही, पण एक गोष्ट जात नाही. बाबा आजारी आहेत हे तुला कळू दिलं नाही, सगळं आटोपल्यावर बोलावलं, ते एक वेळ सोडून देशील. पण त्या शेवटच्या रविवारी बाबा स्वतः फोनवर आले आणि म्हणाले, ‘साहेब, मी ठणठणीत आहे. पेपर द्या आणि मग या.’ तुझ्याशी बोललेले त्यांचे शेवटचे शब्द. आईने एका मरणाऱ्या माणसाला आपल्या मुलीशी खोटं बोलायला लावलं. तू तेव्हा भर खोलीत विचारलं होतंस, ‘त्यांना हे बोलायला कोणी लावलं?’ आणि आई म्हणाली होती, ‘मी.’ त्या एका शब्दावर तू घर सोडलंस.

ते शब्द तुला पाठ आहेत. मलाही.

हे पत्र इथेच थांबवतो. कामावर जायचं आहे.


१७ एप्रिल

ताई,

काम नव्हतं. मी सहा दिवस कामावर गेलेलो नाही. कानसेनने दोनदा विचारलं, त्यालाही घशाचंच कारण सांगितलं.

बाबांना झटका आला तेव्हापासून त्यांना बोलता येत नव्हतं. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं, घशातून नुसती घरघर यायची. पहिल्या झटक्यानंतर बोलत होते आणि दुसऱ्याने गेले, असं आईने तुला सांगितलं. दुसरा झटका नव्हता. एकच होता, आणि तो आला त्या दिवसापासून ते गेले तोवर त्यांनी एकही शब्द उच्चारला नाही.

तुझ्याशी मी बोललो.

मी सतरा वर्षांचा होतो. घरात सगळे मला रेडिओ म्हणायचे, आठवतंय ना? शेजाऱ्यापाजाऱ्यांची, मास्तरांची, बाबांची, सगळ्यांची नक्कल करायचो. आधीचे दोन रविवार आईने तुला बाबा झोपलेत म्हणून सांगितलं होतं. तिसऱ्या रविवारी तू हट्टच धरलास. बाबांशी बोलल्याशिवाय फोन ठेवणार नाही म्हणालीस, आत्ता निघून येईन म्हणालीस. दुसऱ्या दिवसापासून तुझे पेपर होते. आईने रिसिव्हरवर हात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. ती म्हणाली, “तू बोल.” परवा तू म्हणालीस ना, अगदी तसंच, आवाज न करता.

मी बोललो. ‘साहेब’ म्हणालो. बाबा प्रत्येक वाक्यानंतर खोकायचे, म्हणून मी खोकलाही काढला. ते माझं पहिलं काम. तू हसलीस आणि म्हणालीस, ‘खोकला आहेच का अजून?’ आतल्या खोलीत बाबा पडले होते, दार उघडं होतं. त्यांना ऐकू येत होतं.

तुझा चौथा पेपर होता त्या दिवशी ते गेले.

तू भर खोलीत विचारलंस तेव्हा मी भिंतीला टेकून उभा होतो. आईने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ‘मी’ म्हणाली आणि एकोणीस वर्षं तो शब्द एकटीने वागवला. मी तो तिच्यावर टाकून मोकळा झालो, शिकलो, नाव कमावलं. तुला वाटतं, आईने बाबांचे शेवटचे शब्द नासवले. बाबांचे शेवटचे शब्द नव्हतेच, ताई. जे तुला पाठ आहेत ते माझे आहेत. एवढंही तुझ्याकडून काढून घेतोय, आणि ते परत करायला माझ्याजवळ काही नाही.

अजून एक राहिलंय. मी हे तुला आजवर का सांगितलं नाही आणि त्या शनिवारी का बोललो नाही, ते त्यातच आहे.

दोन वर्षांपूर्वी एका रविवारी आई फोनवर बोलता बोलता एकाएकी म्हणाली, “तुला एक सांगायचंय. बाबा तेव्हा बोलले नव्हते गं. तो बोलला होता. मी सांगितलं म्हणून बोलला, पोरच होता. तुला राग माझ्यावर ठेवायचाय तर ठेव. त्याला तेवढं माफ कर. तो तेव्हापासून माझ्या नजरेला नजर देत नाही.” तिच्या नजरेत आता काही उरलं नाही, तरी ती असं म्हणाली.

मी काचेच्या खोलीत एकटा होतो. तिथे इतकी शांतता असते की स्वतःचं रक्त ऐकू येतं. मी तुझ्या आवाजात म्हणालो, “केलं गं आई. केव्हाच केलं.”

म्हणजे मला मीच माफ केलं. तुझ्या आवाजात. आणि एखाद्या शिकलेल्या-सवरलेल्या मोठ्या बहिणीने म्हणावं तितक्या मायेने केलं, आयुष्यात तेवढं चांगलं वाचन मी कधी केलं नाही. आईला त्या दिवशी गाढ झोप लागली. मलाही लागली. पण म्हातारं माणूस, ती पुन्हा पुन्हा विचारायची. दोन-तीन महिने गेले की, ‘त्याला माफ केलंस ना गं?’ अकरा वेळा विचारलं तिने. अकरा वेळा मी ‘हो’ म्हणालो, आणि दर वेळी मला थोडं खरं वाटायला लागलं.

शनिवारी मी तुझ्या मागे उभा राहून बोललो असतो तर आईने तुझ्यासमोर तेच विचारलं असतं. घशाचा काही संबंध नव्हता. मी भ्यालो.

तू गेल्यावर एक रविवार चुकवला. नऊ तारखेला फोन केला आणि तुझ्या आवाजात सांगितलं, “आई, माझ्या गळ्याचं ऑपरेशन झालंय. घाबरू नकोस, गाठ साधी निघाली. पण आवाज बदलत जाईल. जाड होईल, घोगरा होईल. तरी मीच असेन.” पात्राचा आवाज मधेच बदलायची वेळ आली तर गोष्टीत त्याला कारण द्यावं लागतं, तसं ते मी दिलं. या वेळी कारण खरं होतं, तेवढंच. काल सोळा तारखेला मी तुझा शनिवारचा आवाज काढला. अगदी पुरा नाही, अर्ध्यापर्यंत. आई म्हणाली, “दुखतं का गं बोलताना?” तिने ओळखलं, ताई. त्या आवाजात ओळखलं.

मग तिने विचारलं, “त्याला माफ केलंस ना?”

मी म्हणालो, “त्याचं पुढच्या रविवारी सांगते.”

ती म्हणाली, “आज असं का? दर वेळी लगेच हो म्हणतेस.” मी म्हटलं, “दर वेळी विचार न करता म्हणत होते.”

ती आता तुझी वाट बघतेय. तेवीस तारखेला, अकराला. प्रत्यक्ष येऊ नकोस, आलीस तर पुन्हा ‘बसा’ म्हणेल. फोनवर असते तीच तिची मुलगी, असं मी करून ठेवलंय. फोनच कर, तुझ्या स्वतःच्या आवाजात. तो तिला आता परका वाटणार नाही. तीन वर्षं फोन कोण करत होतं, ते तिला सांगायचं की नाही ते तू ठरव. मी त्यात पडणार नाही. पण ती माझ्याबद्दल विचारेल. ते पहिल्या पाच मिनिटांतच विचारेल, तिला आता फार वेळ बोलवत नाही.

तू नाही म्हणालीस तरी चालेल, असं मी लिहिणार नाही. चालणार नाही. मोठेपणाचा आव आणून काय करू? पण जे म्हणशील ते तुझं असेल, आणि ते ऐकल्याशिवाय मला आता कुठल्याच बाईच्या तोंडी एक वाक्य घालता येत नाही. बघितलंय करून.

मावशींना त्या दिवशी सुट्टी दिली आहे. आईला फोन हातात पेलत नाही, मीच तो तिच्या कानाशी धरून बसेन. माझं डोकं तिच्या डोक्याशेजारी असेल. तुझा आवाज बदललाय, पण शनिवारी चहाला नको म्हणालीस तेव्हा आधी नाकाने छोटा श्वास घेतलास, तो तसाच आहे. आईने विचारल्यावर तो आला, तर पुढचा शब्द मला ऐकावा लागणार नाही. तरी मी फोन काढून घेणार नाही.

रेडिओ